दोन हजारांत देखणी भिशी-पिकनिक : सोलापूरकरांनो, सुचवा

जुळे_सोलापूरची_सून
नमस्कार मंडळी. आमची अकरा जणींची भिशी आहे. जानेवारीत माझा नंबर लागलाय, म्हणजे जागा आणि खाणंपिणं माझ्याकडं. मागच्या वेळी एका हॉटेलात बसलो. बिल आलं तेव्हा सगळ्या जणी एकदम पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. म्हणून ठरवलंय की या वेळी बाहेर जायचं, उघड्यावर, आणि खर्च दोन हजारांच्या आत बसवायचा.

पण नुसती चटई टाकून चिवडा खायचा नाहीये. आमच्यातल्या लहान पोरी रोज मोबाइलवर ते बुटकं टेबल, लोड-तक्के, पांढरे पडदे, टोपलीत फुलं असले फोटो पाठवतात. एका डेकोरेशनवाल्याला विचारलं तर नुसत्या मांडणीचेच साडेचार हजार. एका हुरडा पार्टीवाल्याकडं माणशी साडेचारशे. दोन्ही झेपणार नाही.

तारीख संक्रांत ते रथसप्तमीच्या मध्ये कधीतरी. सगळ्यात धाकटी अठ्ठावीसची, सगळ्यात थोरली बासष्टची, तिचे गुडघे दुखतात. गाडी एकच, बाकी स्कूट्या. कुठं जावं? सुंदर दिसेल असं काय करावं? आणि कृपा करून "हॉटेलातच जा की" म्हणू नका.

कडकभाकरी
ताई, लै डोस्कं लावू नका. जानेवारी म्हणजे हुरडा. ओळखीतल्या कुणाचंतरी रान गाठा, आगटी पेटवा, शेंगाची चटणी न्या. संपला विषय. पडदे कशाला लावालाव शेतात?

जुळे_सोलापूरची_सून
भाऊ, हुरडा पाहिजेच. पण फोटोत काळी राख आणि वर्तमानपत्राचे तुकडे नको आहेत.

हिप्परग्याचा_बगळा
जागेचं मी सांगतो, कारण दर हिवाळ्यात लोक नको तिथं जाऊन बसतात.

सिद्धेश्वर तलावाचा विचार त्या दिवसांत सोडूनच द्या. गड्ड्याची यात्रा असते, होम मैदानावर पाय ठेवायला जागा नसते, नंदीध्वजांच्या मिरवणुकीला रस्ते बंद. यात्रेला जरूर जा, पण ती पिकनिक नव्हे. कंबर तलावाची बाग जवळ आहे, पण अकरा जणींनी मांडणी करून बसायचं म्हणजे येणारा-जाणारा बघत थांबणार.

नान्नजचं नाव कुणी ना कुणी काढेलच. ते माळढोकाचं अभयारण्य आहे, गवताळ माळ मोकळा दिसतो म्हणून तिथं चादर पसरायची नसते. नळदुर्ग छान, पण नर-मादी धबधबा पावसाळ्यात नदीला पाणी असेल तेव्हाच. जानेवारीत त्याच्या आशेनं गेलात तर नुसते दगड बघाल. किल्ला बघायला म्हणून जाणार असाल तर गोष्ट वेगळी, पण मग चालणं आलं आणि गुडघेवाल्या काकू आल्या.

हिप्परगा मात्र तुळजापूर रोडलाच, शहराच्या दाराशी. १८७१ च्या सुमारास इंग्रजांनी अदिला नदी अडवून बांधलेला हा एकरुख तलाव. हिवाळ्यात पाणपक्षी असतात. पण काठावर जाळ करू नका, स्पीकर लावू नका. पाणी बघायला अर्धा तास थांबा आणि बसायला त्याच बाजूचं एखादं शेत शोधा.

निवृत्त_मास्तर
कुडल संगम सुचवतो. भीमा-सीनेचा संगम, हरिहरेश्वराचं बहुमुखी शिवलिंग, आणि संगमेश्वराच्या देवळातला शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख. 'वाछि तो विजेया होऐवा', जो वाचील तो विजयी होईल. भिशीच्या बायकांनी एकदा तरी वाचावा.

जुळे_सोलापूरची_सून
मास्तर, शिलालेख वाचायला नक्की नेते, पण वेगळ्या दिवशी. देवळाच्या आवारात हुरडा भाजायचा नाही ना.

निवृत्त_मास्तर
अजिबात नाही. ते संरक्षित स्मारक आहे. मी दर्शनाचं बोलत होतो. बसायचं मात्र शेतातच, हे बगळे यांचं म्हणणं बरोबर.

तळवट
आमची शेती त्याच पट्ट्यात आहे म्हणून बारीकसारीक सांगते. हे आधी बघा, सजावटीचं नंतर.

एक, शेतात घर किंवा निदान संडास आहे का ते विचारा. अकरा बायका, चार तास. हे कुणी लिहीत नाही आणि मग सगळ्या जणी पाणी प्यायलाच घाबरतात.

दोन, झाड. जानेवारी असला तरी सोलापूरचं ऊन दुपारी चटकतंच. उन्हाळ्याचा सूर्य डोक्यावर असतो, हिवाळ्याचा दक्षिणेकडून तिरका येतो. दुपारी तीननंतर सावली झाडाच्या ईशान्येला लांब पडत जाते. बारा वाजता जिथं सावली दिसते तिथं बैठक मांडली की तीनला सगळ्या डोक्यावर पदर घेऊन बसतात. झाडापासून ईशान्येला चार-पाच पावलं सोडून मांडा, सूर्य कलेपर्यंत उठायला लागणार नाही. कडुलिंब किंवा चिंच बघा. बाभळीखाली नको, काटे चादरीतून वर येतात.

तीन, काळ्या रानाला भेगा असतात आणि ढेकळं टोचतात. खाली तळवट टाका. खताच्या रिकाम्या पोत्यांचा शिवलेला असतो, कुठल्याही शेतकऱ्याकडं मिळतो. वर तुमची चादर. तळवट दिसता कामा नये, कडा आत दुमडा.

चार, आगटी वाऱ्याच्या खालच्या अंगाला. धूर साड्यांना लागला की आठवडाभर जात नाही.

कॅमेरावाली
तळवट ताईंनी अर्धं काम केलं. आता दिसण्याचं.

मी लग्नाचे फोटो काढते, त्यामुळं हजारो रुपयांच्या मांडण्या रोज बघते. फोटोत वाईट दिसते ती गर्दी. पाच रंगांचे फुगे, लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या, निळी पाण्याची बाटली, चिवड्याची चकचकीत पिशवी. स्वस्त वस्तूनं काही बिघडत नाही, विसंगत वस्तूनं बिघडतं. दोन रंग ठरवा आणि तिसऱ्याला आत घेऊ नका. हिरवा मोजायचा नाही, तो शेताचाच.

तुमची तारीख संक्रांतीनंतरची आहे. मग रंग शोधायची गरजच काय? काळा आणि पांढरा. सगळ्यांकडं एक तरी काळी साडी असतेच. कुणाची चंद्रकळा, कुणाची काळी इरकल, कुणाचा साधा काळा ड्रेस. आणि पांढरं म्हणजे हलवा, तीळ, शेवंती, दही. ही थीम आपल्या आज्यांनी कधीच ठरवून ठेवलीय, फुकट.

फक्त एक लक्षात ठेवा. काळी साडी गडद चादरीवर बसली की फोटोत नुसते चेहरे आणि हात दिसतात. खाली फिकट पाहिजे. आपल्या सोलापुरी चादरीची गंमत अशी की दोन्ही बाजूंनी नक्षी असते आणि रंग उलटे होतात. वरून गडद जमिनीवर पांढरी वेल असेल, तर पालथी केली की पांढऱ्या जमिनीवर गडद वेल. घरातल्या सगळ्या चादरी उलटून बघा, फिकट बाजू वर ठेवा. तीन चादरी जोडून टाकल्या तर अकरा जणी आरामात बसतात.

कडकभाकरी
घरात चादर उलटी अंथरली की आमची आई वरडायची. आता फॅशन झाली म्हणा की.

पुण्यातला_सोलापूरकर
इकडं दुकानात 'पिकनिक ब्लँकेट' म्हणून पातळ पॉलिस्टरचा तुकडा दीड हजाराला विकतात. आमच्या हॉस्टेलात अर्ध्या पोरांकडं सोलापुरी चादर होती, ती अजून फाटली नाही. भौगोलिक मानांकन मिळालेली चादर घरात असताना कुणी काही विकत घेऊ नका.

अक्का_पूर्वभागातली
आमच्या अशोक चौकाकडं, अक्कलकोट रोडला लूमवाल्यांच्या दुकानात डागी माल वेगळा काढलेला असतो. एखादा धागा सुटलेला, कडेला शाईचा ठिपका. चादर नको असेल तर टेरीचे पांढरे नॅपकिन घ्या, डझनावर स्वस्त पडतात. कागदी टिश्यू वाऱ्यानं रानभर उडतात आणि मग गोळा कोण करणार? नॅपकिन ओला करून पिळायचा, गुंडाळी करून टोपलीत उभ्या ठेवायच्या. हुरडा खाऊन हात काळे होतातच. धुतले की परत घरात वापर.

आणि एक. संक्रांतीला आमच्या घरी सकिनालू होतात. तांदळाच्या पिठात तीळ-ओवा घालून बोटांनी पीळ देत गोल-गोल कडी करायची, कापडावर वाळवायची, मग तळायची. पांढरीशुभ्र दिसतात आणि महिनाभर टिकतात. आमच्या पूर्वभागातली, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतली, एखादी मैत्रीण भिशीत असेल तर तिला मांडणीचं काही आणू देऊ नका, फक्त डबाभर सकिनालू आणू द्या. सुपात रचून ठेवली तर दुसरी सजावट नको.

जुळे_सोलापूरची_सून
अक्का, आहे एक! आताच मेसेज करते.

भांड्यांचं काय करू? कागदी प्लेटा नको, काचेच्या नेऊन फुटतील.

तळवट
सुगडं. संक्रांत झाली की प्रत्येक घरात चार-पाच पडून असतात. कमी पडली तर कुंभारवेशीकडं बघा, सण उलटल्यावर उरलेली काळी-तांबडी सुगडं कमी भावात मिळतात. बोरं, हरभऱ्याचे डहाळे, उसाची कांडकी, गाजराचे तुकडे. सुगडात जे घालतो तेच ना त्या दिवसांत मंडईत सगळ्यात स्वस्त असतं? अकरा सुगडं भरून एका ओळीत मांडली की झाली मांडणी.

वेशीतल्या_आजी
पूजेची सुगडं खायला वापरायची? आमच्यात नाही चालत. ती तुळशीपाशी ठेवायची किंवा वाणात द्यायची.

तळवट
आजी, पूजेतली नाही म्हणत मी. न पुजलेली, कोरी. ती नुसती मडकीच की.

वेशीतल्या_आजी
कोरी असतील तर हरकत नाही. पण मग रिकामी घरी नेऊ नका, त्यातच वाण द्या एकमेकींना. तेवढ्यात हळदीकुंकू पण होऊन जाईल. तुमचं एक काम वाचलं.

कॅमेरावाली
आजींनी परतभेटीचा खर्च शून्यावर आणला, बघा!

निवृत्त_मास्तर
एक राहवत नाही म्हणून लिहितो. 'पिकनिक'ची चर्चा जणू बाहेरून आल्यासारखी चाललीय. आपल्याकडं मार्गशीर्षाच्या अमावस्येला वेळ अमावस्या असते, ज्याला गावात येळवस म्हणतात. कडब्याची खोप, आत पांडव म्हणून पुजलेले पाच दगड, बाहेर चादरी अंथरून अख्खी भावकी जेवायला. भज्जी, उंडे, मडक्यातली अंबील, गव्हाची खीर, शेंगापोळी. शहरातल्या मित्रांना मुद्दाम बोलावतात, आणि त्या दिवशी गावात माणूस दिसत नाही, सगळे रानात. त्या खोपेवर घातलेली नवी शाल आणि भोवतीनं उभी ज्वारी, याहून देखणी मांडणी मी पाहिली नाही. तुमचे ते पांढरे पडदे म्हणजे खोपच की.

जुळे_सोलापूरची_सून
मास्तर!! कडब्याची खोप! शेतमालकाकडं येळवसची खोप अजून उभी असेल का?

तळवट
बऱ्याच ठिकाणी मोडून जनावरांना घालतात. पण चार पेंढ्या तिरक्या उभ्या करून वर बांधल्या की पाठीमागं तेवढंच दिसतं. त्याला भाडं नाही, परत करायचं फक्त. पेंढ्या आगटीपासून लांब ठेवा, हे लिहायची गरज नाही पण लिहिते.

कॅमेरावाली
आणि पितळेच्या तांब्यात फुलांऐवजी ज्वारीची कणसं, लांब दांड्यासकट. पाच-सात पुरेत. मालकाला विचारून तोडा. शेवंती फक्त सुगडांच्या मध्ये सुटी सुटी ठेवा, हार नको.

बुटक्या टेबलासाठी चौरंग आणि पाट. दोन पाट शेजारी ठेवून वर पांढरं धोतर अंथरलं तर कुणाला कळणार नाही. थोरल्या काकूंसाठी मात्र खरी खुर्ची न्या, लाकडी असेल तर उत्तम, नसेल तर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर जुनी काळी साडी टाका. त्यांना खाली बसवून फोटोसाठी गुडघे दुखवू नका.

जेवणाचे फोटो झाकण काढल्या-काढल्या. माणसांचे साडेचारनंतर. सूर्य सहाच्या आसपास मावळतो, त्याआधीच्या तासाभराच्या उजेडात सगळ्या गोऱ्या-सावळ्या सारख्याच छान दिसतात. काळ्या साड्यांवरची जरही तेव्हाच उठते.

कडकभाकरी
आता खाण्याचं माझ्याकडनं ऐका. तुम्ही सगळे मांडणीत अडकलाव.

हुरडा गरमच खायचा. आगटीत गोवऱ्यांचा जाळ झाला, निखारा पडला की कणसं खुपसायची, फिरवत भाजायची. पोतडीत घालून चोळायचा, सुपात पाखडायचा. सुरती किंवा गूळभेंडी मिळाली तर मऊ आणि गोड. जोडीला सुकी शेंगाची चटणी, लसणाची चटणी, दही, गूळ. मधल्या वेळेला कडक भाकरी. ती ना तुटते ना विटते, डब्यातून आठ दिवस आधी आणून ठेवली तरी चालते. केळीच्या पानावर कडक भाकरीची चळत आणि वर मिरचीचा ठेचा, फोटोसाठी अजून काय पाहिजे? सँडविच, पास्ता असलं काही आणाल तर मी धागा सोडून जाईन.

पुण्यातला_सोलापूरकर
गुलाबजाम चालतील का भाऊ?

कडकभाकरी
शेंगापोळी असताना? जावा तिकडं.

जुळे_सोलापूरची_सून
मंडळी, काल भिशी झाली. हिशोब देते.

जागा मैत्रिणीच्या दिराच्या शेतात, हिप्परग्याच्या अलीकडं. घर आहे, संडास आहे, मोठा कडुलिंब आहे. गाडी आणि स्कूट्यांचं पेट्रोल चारशे. हुरडा तीन किलो, घरचा म्हणून दीडशेच्या भावानं दिला, साडेचारशे. आगटी पेटवून भाजून देणाऱ्या मामांना दोनशे. ते घेत नव्हते, खिशात घातले. बोरं, ऊस, डहाळे, गाजर मिळून दोनशे वीस. दही एकशे चाळीस. पंधरा कोरी सुगडं दीडशेला. शेवंती ऐंशी, केळीची पानं साठ, गजरे एकशे पासष्ट. एकूण अठराशे पासष्ट. भाकरी, चटण्या, शेंगापोळी, सकिनालू ज्याच्या त्याच्या घरून. चादरी तीन, तिन्ही पालथ्या. नॅपकिन अक्कांनी सांगितलेल्या बाजूलाच घेतले, पण ते मी घरखर्चात टाकले, खरं सांगायचं तर घ्यायचेच होते.

पेंढ्या पाठीमागं उभ्या केल्या, तांब्यात कणसं. तळवटच्या कडा आत दुमडल्या. मैत्रिणीचा नवरा सोडायला आला होता, तो म्हणाला, "कितीला दिलं डेकोरेशन?" सावली शेवटपर्यंत होती, तळवट ताई, ईशान्येचं एकदम खरं. थोरल्या काकू खुर्चीवर बसल्या आणि दर फोटोत राणीसारख्या मधोमध आल्या. कुणालाही वर्तमानपत्र लागलं नाही. नॅपकिन काळे झालेत, तेवढं सोड्यात भिजत घातलंय.

वाण म्हणून सुगडं दिली. आजी, तुमचं नाव घेतलं.

वेशीतल्या_आजी
सुखी राहा. सुगडात दही घातलं का? पाझरलं असेल.

जुळे_सोलापूरची_सून
नाही आजी, दही स्टीलच्या डब्यातच ठेवलं आणि डबा केळीच्या पानात गुंडाळून टाकला. सुगडात फक्त कोरडं.

कडकभाकरी
हुरडा कितीजणींना पुरला ते सांगा.

जुळे_सोलापूरची_सून
अकरा जणींत तीन किलो. पाव किलोच्या वर कुणाच्याच वाट्याला नाही आणि थोडा उरला. भाकरी आणि पोळ्या होत्या म्हणून. नुसत्या हुरड्यावर बसणार असाल तर जास्त घ्या.

अक्का_पूर्वभागातली
सकिनालू?

जुळे_सोलापूरची_सून
पहिल्या दहा मिनिटांत सूप रिकामं. फोटो काढायचा राहिला!

नवीपेठेतली_नवीन
मी नुसती वाचत होते. माझा नंबर एप्रिलात आहे. हेच सगळं एप्रिलात चालेल का?

तळवट
एप्रिलात दुपारी शेतात? अहो, चाळिशी ओलांडलेली असते पाऱ्यानं. हुरडाही नसतो. संध्याकाळी सातनंतर गच्चीवर करा, पौर्णिमेच्या जवळची तारीख धरा. गच्चीवर दुपारीच दोन वेळा पाणी मारा, फरशी निवायला वेळ लागतो. पन्हं, कलिंगड, मोगरा. रंग पांढरा आणि पिवळा.

नवीपेठेतली_नवीन
गच्ची आहे, पण बरोबर मध्येच काळी पाण्याची टाकी आहे. फोटोत तीच येणार.

कॅमेरावाली
टाकीला पांढरी चादर गुंडाळा आणि तिलाच टेकून बसा. पार्श्वभूमीचा प्रश्न मिटला.

कडकभाकरी
पण नळ चालू राहील तेवढं बघा, न्हाय तर खालची मावशी वर येईल.